एस्तेर सिस्टरांचं एकच क्रियापद

एस्तेर सिस्टरांसमोर 'पुसलं' हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. काउंटर आत्ताच पुसलंय, असं तुम्ही सहज बोलून गेलात, तर त्या चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात आणि विचारतात, "कोरडं की ओलं?" कोरडं म्हणालात, तर पुढचा प्रश्न येतो की मळ निघाला का नुसता इकडचा तिकडे गेला. ओलं म्हणालात, तर फडकं पिळलेलं होतं का. एवढं सांगून झालं की त्या पिशवीतून वही काढतात, तुमचं उत्तर टिपून घेतात आणि देव तुझं भलं करो म्हणून निघून जातात. नवीन माणूस फडकं हातात धरून तसाच उभा राहतो.

माझं बेलापूरच्या पेठेत झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन, रसवंतीचा बोर्ड, सगळं आम्हीच छापतो. दुकानाच्या मागच्या बोळात सिस्टरांचं दोन खोल्यांचं घर आहे. कर्जतपासून कोपरगावापर्यंत जिल्हाभर नर्सची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आणि इथे येऊन राहिल्या. मी दुकान टाकलं त्याच वर्षी त्या आल्या, म्हणजे आमचा शेजार अकरा वर्षांचा. रोज सकाळी अकराला त्या दुकानात येतात, गिऱ्हाईक असलं तर बाकावर बसतात आणि नसलं तर मला शिकवतात.

काय शिकवतात, तर हिब्रू. सगळी नाही, एकच क्रियापद. त्याचा अर्थ पुसणे.

हे खूळ त्यांच्या घरात कसं शिरलं, ते सांगतो. सिस्टर ज्या चर्चला जातात, तिथले जुने पाळक म्हातारपणी मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जाताना त्यांनी आपली पुस्तकं मंडळीत वाटली. गाण्यांची पुस्तकं, प्रवचनांची पुस्तकं लोकांनी पटापट उचलली. एक विटेएवढा जाड हिब्रू शब्दकोश मात्र कुणी घेईना. तो सिस्टरांनी आणला, आणि खरं सांगायचं तर वाचायला आणला नव्हता. त्यांच्या पिठाच्या डब्याचं झाकण सैल झालं होतं आणि मांजर ते उघडायचं. डब्यावर ठेवायला काहीतरी वजनदार हवंच होतं. दोन-तीन महिने त्या शब्दकोशानं ते काम चोख केलं. मग एकदा पीठ काढताना तो खाली पडला, उघडला, आणि उघडल्या पानावर हा शब्द होता.

मी त्यांना विचारलं होतं, परकी लिपी, तीही उजवीकडून डावीकडे, या वयात कशी जमली तुम्हाला? त्या म्हणाल्या की पस्तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्यात, त्यापुढे हिब्रू म्हणजे छापील अक्षर. शब्दकोशातला अर्थ इंग्रजीत होता आणि सिस्टरांची इंग्रजी दवाखान्यातली. जखम, सूज, जुलाब यांची त्यांना उत्तम माहिती, बाकीचं मोबाईलवर शोधायचं. पण बाईंनी हळूहळू तो शब्द जुन्या करारात जिथे जिथे येतो ती प्रत्येक जागा शोधून काढली. पुढचा शब्द कधी घेणार, असं मी विचारलं, तर म्हणाल्या की सगळी भाषा शिकायला आता वेळ नाही, एक शब्द नीट आला तरी पुष्कळ.

तो शब्द आहे 'माहा'. पण त्यातला 'ह' आपला साधा नव्हे, तो घशाच्या तळातून खरवडून वर आणावा लागतो. सिस्टर पहिल्यांदा माझ्यासमोर तो म्हणाल्या, तेव्हा मी ड्रॉवरमधून खोकल्याची गोळी काढून दिली. त्यांनी ती शांतपणे चघळून संपवली आणि पुन्हा म्हणाल्या, "मा-ह्हा." आमच्याकडे ऊसतोडीला पाथर्डीकडची माणसं येतात. त्यांच्या बोलीत 'माहा' म्हणजे 'माझा'. एकदा त्यांच्यातले एक मुकादम आधारकार्डांच्या झेरॉक्स काढायला आले होते. सिस्टरांचं घसा खरवडणं त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि शेवटी काळजीनं विचारलं, "बाई, मगापासून माहा माहा करताय, कोनी काय नेलंय तुमचं?" सिस्टरांनी हेही वहीत लिहून घेतलं.

एकदा त्यांनी तो शब्द मला मोठ्या अक्षरात छापून मागितला. माझ्या कॉम्प्युटरला देवनागरीचीच पुरेशी सवय नाही, हिब्रू तर त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यानं शब्दातली तिन्ही हिब्रू अक्षरं मुकाट्यानं छापली, पण डावीकडून उजवीकडे. सिस्टरांनी कागद उन्हात धरून पाहिला आणि मी शब्द पायाला धरून उलटा टांगला आहे असा निर्वाळा दिला. मग आम्ही तीन अक्षरं वेगवेगळी छापली, कात्रीनं कापली आणि खळीनं योग्य क्रमानं चिकटवली. तो कागद त्यांनी स्वयंपाकघरात ताटाळ्याच्या वर लावला. ताटाळ्यावरच का, तर त्यालाही कारण होतं.

या एका शब्दाला शास्त्रात कामं किती, हे ऐकून मलाही नवल वाटलं होतं. जलप्रलयात देवानं पृथ्वीवरचे जीव नाहीसे केले, तिथे हाच शब्द. राजानं आपली पापं पुसायची प्रार्थना केली, तिथे हाच. याजकानं शाप लिहिला आणि ती शाई पाण्यात धुऊन काढली, तिथेही हाच. एक बाई खाऊन तोंड पुसते आणि मी काही केलंच नाही म्हणते, तिथेसुद्धा हाच. आणि देव यरुशलेमवर चिडला तेव्हा म्हणाला की ताट पुसून पालथं घालतात तसं मी या शहराचं करीन.

या ताटाच्या उदाहरणानं सिस्टरांना सहा महिने झोप दिली नाही. पुसल्यावर ताट पालथं का घालतात? पाणी निथळायला, की आता जेवायला कुणी उरलं नाही म्हणून? घरात त्यांनी रोज ताटं पुसून, पालथी घालून पाहिली. कुठे लग्न असलं की अक्षता पडल्या-पडल्या त्या मांडवामागे भांडी घासणाऱ्या बायांजवळ जाऊन उभ्या राहायच्या. बाया बिचकायच्या. त्यांना वाटायचं, नवरीकडची कुणी खडूस आत्या लक्ष ठेवायला आली आहे. शेवटी सिस्टर एका निष्कर्षाला आल्या आणि तो सांगायला त्या दिवशी साडेदहालाच दुकानात आल्या. देवानं ताट फोडलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. रागावलेला माणूस ताट आपटतो. हा पुसतो आणि पालथं ठेवतो. म्हणजे उद्या सुलटं करून पुन्हा वाढायचा विचार आहे.

मी म्हणालो, असेल. त्या म्हणाल्या, असेल नाही, आहे.

संशोधनाच्या बाबतीत त्यांना जातपात, धर्म, हुद्दा काही नाही. तलाठी भाऊसाहेब माझ्याकडे फेरफाराच्या झेरॉक्सला आले होते, तर त्यांना बाकावर बसवून विचारलं की सातबाऱ्यावरून मेलेल्या माणसाचं नाव पुसता कसं. भाऊसाहेब म्हणाले की पुसत नाही, नावाला कंस करतो. नाव तिथेच राहतं, वाचताही येतं, फक्त कंसात. सिस्टर इतक्या खूश झाल्या की भाऊसाहेबांना चहा पाजला. आपल्या सरकारला देवापेक्षा जास्त दया आहे असं दिसतं, असं त्या नंतर मला म्हणाल्या, आणि लगेच छतातल्या पंख्याकडे बघून त्याबद्दल माफीही मागितली.

मलाही त्यांनी सोडलं नाही. नाताळात त्यांच्याकडच्या करंज्यांचा डबा माझ्याकडे असतो, चर्चमधल्या लोकांना माझ्या दुकानातून वाटायला सोपं पडतं म्हणून. एका वर्षी त्यातल्या चार करंज्या कमी भरल्या. मी फक्त रुमालानं तोंड पुसलं. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, वही उघडली, आणि ते खाऊन तोंड पुसणाऱ्या बाईचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. पुढच्या वर्षीपासून माझा डबा वेगळा येतो.

हे सगळं गमतीत चाललं होतं. मग बोर्डाचं प्रकरण आलं.

सिस्टरांच्या चर्चच्या दफनभूमीला नवीन फाटक बसलं. फाटकावर एक बोर्ड लावायचं ठरलं आणि त्यावर देव सर्वांच्या डोळ्यांतले अश्रू पुसणार आहे अशा अर्थाची ओळ घालायची ठरली; तिच्या मुळातही हाच 'माहा'. काम माझ्याकडे आलं. चर्चचे सध्याचे पाळकसाहेब तरुण आहेत, कामाला वाघ, स्वभावानं सरळ. त्यांनी मजकूर दिला, त्यात 'पुसून टाकील' असं होतं. मी अक्षरं जुळवत असताना सिस्टर आल्या, त्यांनी स्क्रीन पाहिली आणि मला माउस खाली ठेवायला लावला.

त्यांचा आक्षेप 'टाकील'वर होता. पाळकसाहेब आले तेव्हा त्यांच्यापुढेही त्या तेच म्हणाल्या. "ओटा पुसून टाकतात, पाळकसाहेब. फरशी पुसून टाकतात. चेहरा नुसता पुसतात."

पाळकसाहेबांनी सौम्यपणे सांगितलं की मंडळीला वर्षानुवर्षं हेच शब्द पाठ आहेत. सिस्टर म्हणाल्या की जलप्रलयाला 'पुसून टाकलं' म्हणा, माझी हरकत नाही, तिथे टाकलंच आहे. पण मूळ शब्द एकच असला तरी हात एकच नसतो. ज्या हातानं कढई घासतो, त्याच जोरानं तापलेल्या लेकराचं कपाळ पुसाल का? त्यांनी पस्तीस वर्षं पुसण्याचं काम केलं होतं. घाम, रक्त, ओकारी, बाळंतिणी, मेलेली माणसं. या विषयात त्यांच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत नव्हती, पण चर्चची कमिटी म्हणाली की बोर्ड शास्त्राप्रमाणे हवा, नर्सिंगप्रमाणे नको. हे कमिटीतल्या एका गृहस्थाचं वाक्य सिस्टरांना फार लागलं. दोन दिवस त्या दुकानात आल्या नाहीत. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अकरा वाजले की मी बोळाकडे बघायचो.

पाळकसाहेबांनाच शेवटी तोडगा सुचला. त्यांनी सिस्टरांना रविवारच्या उपासनेत पंधरा मिनिटं दिली. तुमचं म्हणणं मंडळीसमोर मांडा, मग ठरवू.

सिस्टरांनी मला आमंत्रण दिलं. मी आमच्या घरच्या सत्यनारायणालाही शेवटच्या बाकावर बसणारा माणूस, पण गेलो. त्या सामान घेऊन आल्या होत्या: एक स्टीलचं ताट, एक शाळेची दगडी पाटी, पेन्सिल, एक कोरडं फडकं आणि एक ओलं. आधी ताटाचं झालं. लग्नातल्या भांडीवाल्यांपासून यरुशलेमपर्यंत त्यांनी सगळं इतकं छान सांगितलं की बायका पदर सावरून पुढे सरकल्या. पंधरा मिनिटं ताटातच संपली. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मग पाटी. सिस्टरांनी पाटीवर ठळक अक्षरात 'पाप' असं लिहिलं आणि कोरड्या फडक्यानं पुसलं. अक्षरं फिकी झाली पण दिसत राहिली. त्यांनी पाटी सगळीकडे फिरवून दाखवली आणि सांगितलं की माणूस माणसाला क्षमा करतो ती अशी. मग ओलं फडकं फिरवलं. पाटी काळीभोर झाली, चकचकीत. देवाचं पुसणं हे असं, असं म्हणून त्यांनी ती टेबलावर मंडळीच्या तोंडासमोर उभी केली आणि पुढे अश्रूंविषयी बोलायला लागल्या.

पण पाटी कशी असते, हे ज्यानं शाळेत वापरली आहे त्याला माहीत आहे. वर पंखा चालू होता. पाटी वाळायला लागली आणि तिच्यावर हळूहळू पांढुरकं 'पाप' पुन्हा उगवलं. आधी 'पा', मग 'प'. सिस्टरांची पाठ पाटीकडे. पहिल्या बाकावर खुसखुस झाली, मग दुसऱ्या. कमिटीतले ते नर्सिंगवाले गृहस्थ तोंडावर हात धरून हलायला लागले. सिस्टरांना कळेना. त्यांनी मागे वळून पाहिलं.

मी खाली मान घातली. मला वाटलं, आता या बाई उद्यापासून कुणाला काही विचारणार नाहीत.

सिस्टरांनी पाटीवरून बोट फिरवून पाहिलं. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बघा, मला नाही जमलं. पस्तीस वर्षं पुसून मला नाही जमलं. म्हणून तर हे काम त्याच्याकडे सोपवायचं."

आणि खाली बसल्या. पाळकसाहेब उभे राहिले, त्यांनी स्वतःचं प्रवचन घडी करून खिशात ठेवलं आणि सरळ प्रार्थना घेतली. दुपारी त्यांचा मला मोबाईलवर निरोप आला की 'टाकील' काढा, 'पुसील' एवढंच ठेवा. तो बोर्ड आज फाटकावर आहे. नर्सिंगवाले गृहस्थ स्वतः खिळे घेऊन आले होते.

त्यानंतर सिस्टरांचा रुबाब वाढला. बोर्डाखालून जाताना त्या दर वेळी त्यावरची धूळ बघायच्या. वहीचं काम आता संपत आलं असं मला वाटत होतं. पण खरा अर्थ अजून यायचा होता आणि तो चर्चमध्ये नाही, माझ्या दुकानात आला.

चैत्रातली दुपार होती. सिस्टर बाकावर बसून कसलंतरी प्रूफ वाचत होत्या. पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. मळ्यात राहणाऱ्या, एकट्याच आल्या होत्या, पायाला माती होती. नाव कमलबाई. त्यांनी कनवटीला खोचलेला मोबाईल काढून त्यावरचा फोटो मला दाखवला. त्यांचा मुलगा, मोटरसायकलवरून येताना गेला होता, त्याला वर्ष होत आलं होतं. प्रथम पुण्यस्मरणाचा फ्लेक्स करायचा होता. घरातलं कुणी यायला तयार नव्हतं, बापाला तर फोटोकडे बघवत नव्हतं, म्हणून त्या स्वतः आल्या होत्या.

असली कामं मी महिन्यात बरीच करतो. मी नेहमीसारखं विचारत गेलो, पूर्ण नाव, तारीख, शोकाकुल कोण कोण. तारखेपाशी कमलबाई थांबल्या. पदराचा बोळा तोंडाला लावला आणि रडायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मी पाणी आणायला उठलो. मनात म्हटलं, सिस्टरांच्या हयातभराच्या अभ्यासाची ही परीक्षाच आली. त्यांच्या हातात रुमालही होता.

सिस्टरांनी रुमाल वापरला नाही. त्या सरकल्या, कमलबाईंना बाकावर जागा केली आणि विचारलं, "कसा होता तुमचा मुलगा?"

कमलबाईंनी वर पाहिलं. वर्षभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, हे त्यांच्या तोंडावरच दिसलं. लोकांनी कसं झालं ते विचारलं होतं, कुठे झालं, गाडी कोणती होती, हेल्मेट होतं का, सगळं विचारलं होतं. "लई बोलायचा," त्या म्हणाल्या. "घरात आला की रेडिओच. आता घर निस्तं गप हाय."

मग तास-दीड तास कमलबाई सांगत होत्या आणि सिस्टर विचारत होत्या. त्याला जेवायला काय आवडायचं, शाळेत कसा होता, कुणावर गेला होता. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, मी त्यांना खुणेनंच उद्या या म्हटलं. तो गुरांना माणसांची नावं द्यायचा हे सांगताना कमलबाई चक्क हसल्या. जाताना त्यांचे डोळे कोरडे होते, आणि ते कुणी पुसले नव्हते.

त्या गेल्यावर मी सिस्टरांना हे बोलून दाखवलं. इतकी वर्षं मला धडे दिले आणि वेळ आली तर तुम्ही पुसलंच नाही.

"अरे अशोक," त्या म्हणाल्या, "आधी पुसावं लागतं, मग पुसता येतं."

मला कळायला थोडा वेळ लागला. आमच्याकडची जुनी माणसं अजून विचारण्याला पुसणंच म्हणतात. वाट पुसायची, नाव पुसायचं. म्हाताऱ्या माणसाला घरात कुणी पुसत नाही, असं आपणही बोलतोच. सिस्टर म्हणाल्या की हिब्रूत ही सोय नाही, त्या शब्दकोशात त्यांनी खूप शोधलं. ही एवढी गोष्ट मराठीत जास्त आहे. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू ती सोय त्यांनी स्वतःच मराठीत करून ठेवली आहे.

कमलबाई मग येतच राहिल्या. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन यायच्या, बाजार झाला की सिस्टरांसाठी मेथीची जुडी किंवा चार वांगी घेऊन दुकानात. दोघी बाकावर बसायच्या. मी त्यांना चहा सांगायचो. कमलबाईंना हिब्रूत काडीचा रस नव्हता, त्यांनी तसं पहिल्या आठवड्यातच सांगितलं, आणि सिस्टरांनी ते आश्चर्यकारकपणे ऐकूनही घेतलं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. मी मशीनवर कुणाचंतरी अभिनंदन छापत होतो. दोघी पालक निवडत बसल्या होत्या. बोलता बोलता कमलबाईंनी सहज विचारलं, "सिस्टरबाई, माझं तर समदं सांगून झालं. तुमचं कोन हाय?"

पालकाच्या जुडीवरचा सिस्टरांचा हात थांबला. मशीनवरचा माझा हातही थांबला, कारण अकरा वर्षांत मी त्यांना हे विचारलं नव्हतं. पुसण्याचे सगळे अर्थ मी ऐकले होते. त्या लग्न न झालेल्या, एकट्या, एवढं मला माहीत होतं आणि तेवढं मला पुरलं होतं.

सिस्टरांनी दोन-तीन देठं निवडली आणि मग सांगायला लागल्या. त्या तिशीत होत्या, एका लांबच्या दवाखान्यात. एक मुलगी बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी बाळाला ठेवून निघून गेली. बाळ अशक्त होतं, जगेल की नाही कुणाला खात्री नव्हती. सिस्टरांनी ते आपल्या क्वार्टरमध्ये नेलं. अकरा महिने सांभाळलं. जगवलं. मग एक नवरा-बायको आले, रीतसर कागद घेऊन. चांगली माणसं होती, बाईनं बाळाला घेताना आधी हात धुतले, ते सिस्टरांच्या लक्षात राहिलं. नर्सच्या क्वार्टरमध्ये वाढण्यापेक्षा पोरीला आई-बाप मिळतायत, यात वाईट काय होतं? त्यांनी नवीन नाव ठरवून आणलं होतं. वॉर्डच्या रजिस्टरात बाळाचं नाव पेन्सिलनं लिहिलेलं होतं आणि रजिस्टर सिस्टरांच्या ताब्यात होतं.

"मग मीच रबर घेतलं," सिस्टर म्हणाल्या. "अक्षर माझंच होतं. पुसलंही मीच."

कमलबाईंनी अरेरे म्हटलं नाही, पदर तोंडाला लावला नाही. हातातली भाजी खाली ठेवली आणि विचारलं, "तुमी काय नाव ठिवलं हुतं?"

सिस्टरांना आठवावं लागलं नाही, नाव तोंडाशीच होतं. फक्त ते मोठ्यानं म्हणायची सवय राहिली नसावी.

"मनीषा," त्या म्हणाल्या.

"मनीषा," कमलबाई म्हणाल्या. "मंग आता तिची लेकरं शाळंत जात आसतील की."

सिस्टरांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि मान हलवली. हो, जात असतील. मोठा असेल तर कॉलेजलाही असेल. कमलबाईंनी विचारलं की जावळ किती होतं. सिस्टर म्हणाल्या, भरपूर, आणि सगळं कुरळं, फणी अडकायची. रंगानं कशी होती? सावळी. रडकी होती का? छे, रडायची फक्त क्वार्टरमधलं मांजर निघून गेलं की. सिस्टर सांगत होत्या आणि त्यांच्या बोलण्यात शास्त्र नव्हतं, वही नव्हती, कोणतंही क्रियापद नव्हतं. नुसती एक अकरा महिन्यांची मुलगी होती.

मी मशीन बंद केलं. अभिनंदन अर्धवट बाहेर लोंबत राहिलं. स्टूल ओढून मी त्या दोघींजवळ जाऊन बसलो, कारण मलाही काहीतरी विचारायचं होतं. फार उशिरानं, पण विचारलं.

"चालायला लागली होती का, सिस्टर?"

"नाही रे," त्या म्हणाल्या. "चालत नव्हती. पण उभी राहायची. माझ्या पांढऱ्या साडीला धरून."